मनातली सुरक्षित जागा

हळूबाईंचा आवाज ऐकला की घडीवालीच्या घशाशी आंबट यायचं. आवाज वाईट नव्हता. उलट फार गोड होता. पोराला कडू औषध पाजताना आई लाडीगोडी लावते तसला गोड. ‘शरीर सैल सोडाऽऽ... कपाळ सैल... जबडा सैलऽऽ...’ जिचा जबडा एकदा तारेने बांधून ठेवावा लागला होता, त्या बाईला जबडा सैल सोड म्हणायचं, आणि तेही इतक्या सावकाश, की जणू काही तिने तो हौसेने आवळून धरलाय!

आपल्याला सगळ्यांनी ताई म्हणावं अशी बाईंची इच्छा होती, आणि तोंडावर सगळ्याजणी म्हणतही असत. पाठीमागे मात्र हळूबाई. हे नाव ठेवलं बसवालीने. ती बसवर कंडक्टर होती. नवऱ्याने जिन्यावरून ढकलल्यापासून एका पायाने लंगडायची, पण जीभ धडधाकट होती. “घराला आग लागली तरी ही बाई ‘आऽऽग... लागलीऽऽ...’ असंच म्हणेल, आणि तोवर आपण कोळसा,” ती म्हणायची. मग श्वासावर लक्ष ठेवायचं सोडून बायका पोट धरून हसायच्या. हळूबाईंना वाटायचं, साठलेलं बाहेर पडतंय. त्या मान डोलवायच्या.

वर्ग बुधवारी सकाळी, बायकांसाठीच्या मदत केंद्राच्या हॉलमध्ये. खाली रबरी चटया, वर टकटक करणारा पंखा, कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग. चटयांना पायांचा वास यायचा. तो मारायला हळूबाई सुगंधी तेलाचा दिवा लावायच्या. पाय आणि सुगंधी तेल मिळून जो वास तयार होतो त्याला भाषेत नाव नाही, आणि असलंच तर चारचौघांत उच्चारण्यासारखं नसणार. येणाऱ्या सगळ्याजणी घरच्या माणसाचा मार खाऊन सुटलेल्या. कुणी काल, कुणी कधीच्या काळी.

घडीवाली तिथे यायची ती बरं वाटावं म्हणून नव्हे. तिच्या मुलीचं, ठकीचं, भांडण कोर्टात चालू होतं. पोरगी आईकडे होती, पण बापाला ती रविवारी एकटी हवी होती. त्याच्या घरी, कुणाच्या देखरेखीशिवाय. ते द्यायचं की नाही हे कोर्टाच्या समुपदेशक मॅडम सांगणार होत्या, आणि आई स्वतःच्या मनाची काळजी घेतेय असं दिसलं तर चांगलं, हेही मॅडमनीच सुचवलं होतं. म्हणून ही चटईवर आडवी पडून काळजी घेत होती. काळजी घेताना दिसत होती, म्हणू या.

आणि खरं सांगायचं तर श्वासाचं ते खूळ लागू पडत होतं. हेच तिला सहन व्हायचं नाही. जिन्यात पावलं वाजली की पूर्वी तिचे हात पांढरे पडायचे. आता ती चार श्वास मोजायची आणि हातात पुन्हा रक्त यायचं. झोप लागायला लागली होती. ज्या आवाजाची शिसारी येते त्याच आवाजाने आपल्याला झोपवावं, यासारखी अपमानाची गोष्ट नाही.

एका बुधवारी हळूबाई म्हणाल्या, “आज आपण मनात एक सुरक्षित जागा शोधणार आहोत. डोळे मिटा. अशी जागा, जिथे तुम्हाला कुणीऽऽही काहीऽऽही करू शकत नाही.”

मग एकेकीने जागा सांगितली. कुणी समुद्र म्हणाली, कुणी डोंगर. दोघींनाही पोहता येत नव्हतं नि चढताही येत नव्हतं. बसवाली म्हणाली, “डेपोकडे जाणारी शेवटची गाडी. रिकामी. आणि बेल माझ्या हातात.” हळूबाई हसल्या, पण त्यांना हवं ते हे नव्हे, हे कळत होतं. घडीवालीची पाळी आली. तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

“आमची लॉन्ड्री,” ती म्हणाली. ती एका हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. चादरींच्या घड्या घालायचं काम, म्हणून तर घडीवाली. “आत सुकवायची मोठी मशीनं आहेत. त्यांचा एवढा आवाज असतो की कुणाची हाक ऐकूच येत नाही. सगळीकडे वाफ. आमच्या भिंतीला लागून बेकरी आहे, भट्टी त्याच भिंतीपलीकडे. त्यामुळे भिंत कोमट असते आणि साबणाच्या वासात पावाचा वास मिसळतो. मी चादरीची मधली घडी हनुवटीखाली दाबून धरते आणि दोन्ही हातांनी टोकं जुळवते. अशी उभी असताना वाटतं, आता काही होत नाही.”

हळूबाईंनी छातीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. “किती सुंदर,” त्या म्हणाल्या. “किती जिवंत! तुझ्यात एक कवयित्री आहे, ठाऊक आहे तुला?” घडीवालीला ठाऊक नव्हतं. तिला उगीचच कपडे काढून उभं राहिल्यासारखं वाटलं. पण त्या रात्री ती गाढ झोपली.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी ठकीच्या बापाची भेट होती. भेट कोर्टाजवळच्या ऑफिसात व्हायची, मॅडमच्या समोर. खोलीत डाग पडलेला गालिचा, एक हात तुटलेली बाहुली, आणि भिंतीवर हसऱ्या सूर्याचं चित्र. इतका हसरा सूर्य की बघणाऱ्याला रडू यावं. ठकी गालिच्याचा दोरा उपसत बसली होती. ती आठ वर्षांची होती आणि बाप समोर असला की कुठल्या तरी दोऱ्याशी तिचं अतिशय महत्त्वाचं काम निघायचं.

तो आला, आणि घडीवालीने पहिल्यांदा ओळखलंच नाही. चेहरा तोच, पण आवाज कुणाचा तरी उसना आणल्यासारखा. ताटं आपटल्यासारखं बोलणारा माणूस, आता एकेक शब्द कापसात गुंडाळून ठेवत होता. बसताना त्याने एक हात पोटावर ठेवला आणि डोळे अर्धे मिटले.

“ठकूबाळ,” तो म्हणाला, “बाबा आता रागाला पाहुणा समजतात बरं का. पाहुणा येतोऽऽ, बसतोऽऽ, आणि जातो.”

पाहुणा! त्या पाहुण्याने घरातल्या किती वस्तू फोडल्या, आणि जाताना तिचे दोन दात घेऊन गेला. पण शब्दापेक्षा तिला त्या लांबवलेल्या आवाजाने धक्का बसला. ‘येतोऽऽ.’ ‘बसतोऽऽ.’ हे ओढून बोलणं तिच्या ओळखीचं होतं.

“हे दर शनिवारी वर्गाला जातात,” मॅडम कौतुकाने म्हणाल्या. “रागावर काबू ठेवायचा. कोर्टानेच पाठवलं होतं, पण आता मनापासून जातात. तिथल्या ताई तर म्हणतात, असा विद्यार्थी नाही.”

“ताईंमुळेच,” तो म्हणाला. मग घडीवालीकडे वळला, चेहऱ्यावर साखर पेरून. “तुझी काळजी वाटते गं. दिवसभर वाफेत उभं राहायचं म्हणजे. पण भिंतीपलीकडून ताज्या पावाचा वास येतो, तेवढंच सुख. नाही?” आणि त्याने आपली हनुवटी खाली केली, हलकेच छातीला टेकवली आणि हसला.

लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती कपड्यांची घडी हनुवटीखाली धरायची. ‘म्हशीसारखी मान काय घालतेस?’ म्हणून त्याने एकदा त्याच हनुवटीवर ठोसा मारला होता. जगात ही खूण ओळखेल असा एकच माणूस होता आणि हळूबाईंनी ती नेमकी त्याच्याच कानावर घातली होती.

तिच्या कामाची जागा त्याला ठाऊक नव्हती. ठकीलासुद्धा बेकरीचं कधी सांगितलं नव्हतं, पोरीच्या तोंडून निसटू नये म्हणून. कोर्टाने त्याला घराजवळ आणि शाळेजवळ यायला बंदी घातली होती. कामाची जागा कागदात मुद्दामच लिहिली नव्हती, कारण कागदाची प्रत त्याला जाते. आणि आता काय? ज्या लॉन्ड्रीला बेकरीची भिंत लागून आहे, ती गावात शोधायला कितीसा वेळ लागतो?

“किती विचार करतात हो तुमचा,” मॅडम म्हणाल्या. घडीवालीने हूं म्हटलं. यावर दुसरं काय म्हणणार? माझा नवरा माझी काळजी करतो, त्याला पकडा?

सोमवारी तो आला. लॉन्ड्रीच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे, झाडाखाली एक बाक होतं. त्यावर मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून तो बसला होता. डोळे मिटलेले. तिच्याकडे बघतही नव्हता. तिची सुटी झाली तेव्हाही तिथेच. मंगळवारी पुन्हा.

“ओळखीचे आहेत का तुमच्या?” वॉचमनने तिला विचारलं. “फार शांत माणूस हो. मला म्हणाले, गुडघे दुखतात तर थोडं पाय दुमडून बसत जा जेवल्यावर. कोण सांगतं आजकाल एवढ्या आपुलकीने!”

तिने मॅडमना फोन केला.

“तो काय करतो?” मॅडमनी विचारलं.

“बसतो.”

“आणि?”

“श्वास घेतो.”

मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “हे बघा, श्वास घ्यायला बंदी कशी घालणार?”

आत मशीनं पूर्वीसारखीच घरघरत होती. पूर्वी त्या आवाजात कुणाची हाक ऐकू येत नाही याचं तिला सुख वाटायचं. आता तिच्या लक्षात आलं, की या आवाजात कुणी मागून आलं तरी ऐकू येणार नाही. ती दर घडीला वळून दाराकडे बघायला लागली. तिच्यासमोर चादरीची दुसरी दोन टोकं धरणारी मावशी, जिच्याशी तिचा हात वर्षानुवर्षं न बोलता जुळायचा, ती म्हणाली, “अगं, टोकं कुठे नि तू कुठे! बरं नाही का?” पावाचा वास आला आणि घडीवालीला उमासा आला. ती न्हाणीत जाऊन ओकली. तोंड धुताना तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की आपली एक जागा होती, फुकटची, वाफेची, कुणाला नको असलेली, आणि त्याने तिच्यातही पाय पसरले. तेही स्वतः शोधून नव्हे. आयती मिळाली.

बुधवारी वर्ग संपल्यावर ती हळूबाईंपुढे उभी राहिली. हळूबाई चटया गुंडाळत होत्या.

“ताई, तुम्ही शनिवारी पुरुषांना माझी जागा सांगितलीत?”

“तुझी?” हळूबाई गोंधळल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. “अगंऽऽ, हो! उदाहरण म्हणून. इतकं सुंदर होतं ना ते. मी नाव घेतलं नाही हं. मी कधीच नाव घेत नाही.”

“त्यात माझा नवरा होता.”

हळूबाईंच्या हातातली चटई उलगडत जमिनीवर गेली. त्यांना कुणाचा नवरा कोण ते ठाऊक नसायचं. विचारायचं नाही असा त्यांचा नियमच होता, सगळ्यांकडे कोऱ्या मनाने बघता यावं म्हणून. घडीवालीने खूण सांगितली: कपाळावर जुना व्रण, हाताने पोट धरून बसायची सवय. हळूबाईंच्या तोंडाचं पाणी पळालं. पण लगेच त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि श्वासाबरोबर त्यांचा चेहरा पुन्हा जागेवर आला. इतकी सोय घडीवालीने दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यात पाहिली नव्हती.

“तो बाकावर साधना करतोय,” त्या म्हणाल्या. “मीच सांगितलं होतं, रोज कुठेतरी शांत बसत जा. कदाचित तुझ्या जवळपास बसून त्याला... बघ, तो माझ्यासमोर रडलाय. अगदी लहान मुलासारखा. दुखावलेलाच माणूस दुखावतो गं. तू क्षमा करून बघ. त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी.”

घडीवालीला वाटलं, या बाईच्या तोंडात तो सुगंधी दिवा कोंबावा. “परवा शुक्रवारी मॅडम तुम्हाला बोलावणार आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही काय सांगणार?”

“जे पाहिलं ते. तो बदललाय.”

“मग अजून थोडं बघा. उद्या दुपारी लॉन्ड्रीत या. दारातच मळक्या चादरींची ट्रॉली असते, तिच्या आड उभ्या राहा. बाक दहा पावलांवर आहे. तो बदलला असेल तर मी शुक्रवारी तुमच्याआधी रविवारच्या कागदावर सही करीन.”

हळूबाईंना हे आवडलं. भेट घडवून आणतोय असं काहीसं त्यांना वाटलं असावं. “येते,” त्या म्हणाल्या. “तूही त्याच्याकडे नव्या नजरेने बघ.”

गुरुवारी दुपारी हळूबाई आल्या. ट्रॉलीतल्या चादरी ऑपरेशनच्या खोलीतून आल्या होत्या. हळूबाईंनी नाकाला रुमाल लावला. घडीवाली ॲप्रन न काढता रस्ता ओलांडून गेली. त्याचा राग कशाने उठतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शिव्या त्याला चालायच्या. रडणं तर आवडायचंच. चालायचं नाही ते एकच: तो बोलत असताना समोरच्याने त्याच्याकडे न बघणं. आपल्याला जे टाळण्यासाठी इतकी वर्षं मान वर करून, डोळे ताणून त्याच्याकडे बघत बसावं लागलं, ते आज मुद्दाम ओढवून घ्यायचं होतं. आपण मार मागायला चाललोय, हे तिला स्वच्छ कळत होतं. आणि मार मागितल्याशिवाय आपला शब्द कुणी खरा धरत नाही याची किळस त्याहून मोठी होती.

ती बाकावर त्याच्या शेजारी बसली, पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि डोळे मिटले.

“आलीस,” तो म्हणाला, कापसातल्या आवाजात. “मला माहीत होतं. बदल माणसाला खेचून आणतो.”

तिने श्वास आत घेतला. बाहेर सोडला.

“ठकी कशी आहे?”

आत. बाहेर.

“अगं, मी बोलतोय.”

हळूबाईंनी शिकवलं होतं, आवाज येतात, जातात, आपण त्यांच्यामागे धावायचं नाही. ती धावली नाही. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता. तो जवळ जवळ येत गेला.

“नाटक पुरे. बघ माझ्याकडे.”

आत. पापण्या बंद राहिल्या.

“माझ्याकडे बघ म्हणतोय ना!” कापूस संपला. तोच जुना, ताटं आपटणारा आवाज, आणि तिच्या जबड्यावर त्याच्या बोटांची पकड. नेमकी तिथेच, जिथे हाड सांधलं होतं. “ही मला शिकवते! माझ्यासमोर डोळे मिटते, रांडेची!”

आणि मग कानाखाली आवाज निघाला. डोक्यात शिट्टी वाजली. ती बाकावरून घसरली, गुडघ्यावर पडली, आणि तिचे डोळे उघडले.

उघडल्या उघडल्या तिला दार दिसलं. ट्रॉलीच्या आड हळूबाई उभ्या होत्या. एक हात नाकावरच्या रुमालावर, दुसरा पोटावर. आणि डोळे मिटलेले. नुसते मिटलेले नव्हे, कपाळाला आठ्या पडेपर्यंत गच्च आवळलेले. त्या श्वास घेत होत्या. छाती वरखाली होत होती, अगदी शिकवल्याप्रमाणे, संथ.

वॉचमन धावला. तो पाठ फिरवून गाडीवाल्याशी बोलत होता. त्याने काही पाहिलं नव्हतं. “काय झालं, काय झालं?”

“चक्कर आली तिला,” ठकीचा बाप म्हणाला. क्षणात आवाजाला पुन्हा कापूस. “बाकाच्या कडेवर आपटली. वाफेत काम करतात ना, बिचाऱ्या. पाणी आणा.” त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात पाठीवरून फिरला तेव्हा तिला जे वाटलं ते थोबाडीत बसल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं. मावशी आतून आली आणि तिला दंडाला धरून घेऊन गेली. तोवर हळूबाई दारात नव्हत्या. बेकरीकडच्या बोळाने निघून गेल्या, असं कुणीतरी सांगितलं.

रात्रभर गाल ठणकत राहिला. ठकीने विचारलं तर तिने मशीनच्या रोलरचा दांडा लागला म्हणून सांगितलं. ठकीने आईच्या गालाकडे बघितलं, मग उशीच्या अभ्र्याचा दोरा उपसायला लागली.

शुक्रवारी हसऱ्या सूर्याखाली सगळे जमले. ठकीला बाजूच्या खोलीत बसवलं होतं. घडीवालीने झालं ते सांगितलं. ती बोलत असताना तो मान हलवत होता, दुःखाने, मायेने.

“मी तिला दोष देत नाही,” तो म्हणाला. “भीती मनात घट्ट बसली की माणसाला पडलो तरी मारल्यासारखं वाटतं. मी फक्त तिच्याजवळ बसलो होतो. ती डोळे मिटून बसली आणि कोसळली.”

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. असं आळीपाळीने बघणं घडीवालीला चांगलं ओळखीचं होतं. त्याचा शेवट नेहमी एकाच बाजूला व्हायचा. मग मॅडम हळूबाईंकडे वळल्या. “तुम्ही तिथे होतात असं या म्हणतायत. तुम्ही काय पाहिलंत?”

हळूबाई रुमालाची घडी घालत होत्या, मोडत होत्या. त्यांच्या एका शब्दावर पोरीचे रविवार टांगले होते. घडीवालीला ठाऊक होतं, त्यांनी काही पाहिलंच नाही. आणि त्या खरं बोलणाऱ्या बाई होत्या. ‘जे पाहिलं ते सांगते’ हे त्यांचं वाक्य होतं. ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. तिला श्वास मोजायचंही सुचलं नाही.

“मारलं यांनी,” हळूबाई म्हणाल्या. आवाज मुळीच हळू नव्हता; चिरका, घाईघाईचा. “मी दारात होते. सगळं पाहिलं. आधी जबडा धरला. मग हात उगारला आणि कानाखाली मारली. ती कोसळली नाही. तिला पाडलं.”

त्याने हळूबाईंकडे बघितलं. पोटावरचा हात गळून पडला होता. डोळे बारीक, नाकपुड्या फुललेल्या, खालचा ओठ दाताखाली. घडीवाली ज्या चेहऱ्याबरोबर दहा वर्षं जेवली होती तोच चेहरा, तोच, या वेळी परक्या बाईकडे वळलेला. हळूबाई खुर्चीत मागे सरकल्या. मॅडमनी तो चेहरा पाहिला आणि पेनाचं टोपण लावलं.

“रविवारचं बंद,” त्या म्हणाल्या. “आणि भेटीसुद्धा, पुढचं ठरेपर्यंत. कामाच्या जागेचं मी आज बघते.”

तो दार आपटून गेला. सूर्याचं चित्र भिंतीवर वाकडं झालं.

बाहेर व्हरांड्यात हळूबाई घडीवालीच्या मागोमाग आल्या. त्या रडत होत्या आणि रडताना सुंदर दिसत होत्या, हाही एक वैतागच. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. “मला माफ कर. त्या गोष्टीबद्दल... उदाहरणाबद्दल. पण आज मी तुझ्या बाजूने उभी राहिले ना? आता हलकं वाटतंय ना तुला?”

घडीवालीने हात सोडवून घेतले. तिला हलकं वाटत होतं. पोरगी वाचली होती. आणि त्या हलकेपणाचे आभार या बाईचे मानायचे, या कल्पनेने तिच्या तोंडाला पुन्हा तेच आंबट पाणी सुटलं.

“ताई, तुम्ही काही पाहिलं नाहीत. तुमचे डोळे मिटले होते.”

हळूबाईंचं रडं जागच्या जागी थांबलं. “तुला... तुला कसं कळलं?”

“माझे उघडले होते. थोबाडीत बसली की उघडतात.”

“मी घाबरले गं,” हळूबाई पुटपुटल्या. “आपोआप मिटले. पण मग तू आत का नाही बोललीस?”

“मला माझी पोर हवी होती.”

बाजूच्या खोलीचं दार उघडलं आणि ठकी बाहेर आली, हातात कशाचा तरी उपसलेला लांबच लांब दोरा. हळूबाईंनी डोळे पुसले, ओठांवर हसू आणलं आणि तिच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला.

“हात लावू नका तिला,” घडीवाली म्हणाली. तिने ठकीला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं आणि दोघी जिना उतरू लागल्या.